सेंटर हाफची अकरा मिनिटं

त्याची टाचेमागची शीर तुटली तेव्हा आवाज आला. कुंपणापाशी उभ्या असलेल्या आम्हा तिघांनाही तो ऐकू गेला. मला वाटलं, कुणाची तरी स्टिक मोडली. त्यालाही कळलं नसावं, कारण तो रागाने मागे वळून बघत होता, मला पाठीमागून कोणी मारलं म्हणून. मागे वीस फुटांत कोणीच नव्हतं. मग तो निळ्या टर्फवर खाली बसला आणि दोन्ही हातांनी पोटरी धरली.

"अकिलीस," शेजारची डेंटिस्ट म्हणाली. "हा संपला आता."

तो अजून मैदानावरच होता. स्ट्रेचरसुद्धा आलं नव्हतं.

आम्ही तिघं म्हणजे कुंपणवाले. पश्चिम सिडनीतल्या एका छोट्या हॉकी क्लबचे, दर शनिवारी न चुकता येणारे फॅन. मी पुण्याचा, आयटीतला, कॅसल हिलला राहणारा. डेंटिस्ट मुंबईची, तिचा नवरा कधीकाळी इथे खेळायचा, तो थांबला तरी ती येतच राहिली. आणि तिसरे पाजी, जालंधरचे, तीस वर्षं सिडनीत बस चालवून निवृत्त झालेले. माझी मुलगी सकाळी ज्युनियरची मॅच खेळायची, तिला घेऊन यायचो, आणि मग मोठ्यांची मॅच बघायला दुपारी थांबायचो. सॉसेज, कॉफी, ऊन आणि दुसऱ्यांच्या चुका. आठवड्यात मला दुसरी कुठली करमणूक नव्हती.

तो आमच्या संघाचा सेंटर हाफ. त्रेचाळीस वर्षांचा. पुण्याचाच, खडकीचा. एकेकाळी महाराष्ट्राकडून खेळलेला, इथे इंजिनियर म्हणून आला आणि बारा वर्षं या क्लबची मधली जागा धरून बसला. संघातली बाकीची पोरं विशीतली. तो त्यांच्याइतका पळायचा नाही, पण बॉल कुठे येणार हे त्याला आधी कळायचं आणि तो तिथे आधीच उभा असायचा. सकाळी तो ज्युनियर मुलींना शिकवायचा, त्यांत माझी मुलगीही. रिव्हर्स फटका तिला त्यानेच शिकवला. घरी आली की ती जेवताना चमचा उलटा धरून तो फटका दाखवायची.

मीही त्रेचाळीसचा. मीही कॉलेजात हॉकी खेळलो होतो, म्हणजे दुसऱ्या संघाच्या बाकावर दोन वर्षं बसलो होतो. एवढ्या भांडवलावर मी कुंपणापाशी तज्ज्ञ होतो.

ऑपरेशन झालं. सीझन संपला. पुढच्या एप्रिलमध्ये नवा सीझन सुरू झाला तेव्हा तो पायात डॉक्टरांनी दिलेला काळा बूट घालून आला, कुबडीशिवाय, पण पाय टाकताना कंबर वाकडी होत होती. पहिल्याच शनिवारी आम्ही तिघांनी त्याला मिठ्या मारल्या. "टेक युअर टाइम, मेट," "जल्दी आ जा यार, तेरे बिना मजा नहीं." तो हसला, म्हणाला, जूनपर्यंत बघू, आणि डगआउटकडे गेला, पाण्याच्या बाटल्या भरायला.

तो पुरेसा लांब गेल्यावर मी म्हणालो, "जून? कुठल्या वर्षीचा?"

त्या सीझनभर आमचा एकच विषय होता. येईल का तो परत? दर शनिवारी नव्याने. डेंटिस्टचं म्हणणं, डॉक्टरी दृष्टीने शक्यच नाही. "हलणारा दात भरायचा नसतो. काढायचा." पाजींना तो मनापासून आवडायचा, पण त्यांचाही हिशेब साधा होता. "बस पुरानी हो जाए तो डिपो में खड़ी करते हैं, रूट पे नहीं भेजते." मी या दोघांपेक्षा जास्त बोलायचो. मी त्याच्या चालीची नक्कल करायचो. कंबर वाकडी करून कॉफी आणायला जायचो आणि दोघं पोट धरून हसायची. एकदा माझ्या मुलीने ते बघितलं. शिन पॅड सोडत बसली होती गवतावर. "बाबा, दॅट्स सो मीन," म्हणाली. "ही इज माय कोच." मी म्हणालो, अगं गंमत आहे. तिने मान खाली घातली आणि पट्टा सोडत राहिली.

मे महिन्यात त्याने घाईने सराव केला आणि पोटरी पुन्हा दुखावली. त्या शनिवारी आमच्याकडे जणू सण होता. मी सांगितलंच होतं, असं तिघंही म्हणत होतो, आणि ते म्हणताना आमचे चेहरे कसे दिसत असतील, ते मला आता कळतं.

त्याच सुमारास एक म्हातारे गृहस्थ कुंपणापाशी यायला लागले. घडीची खुर्ची घेऊन यायचे, आमच्यापासून हातभर अंतरावर मांडायचे आणि डोक्यावर कानटोपी, त्यावर क्रिकेटची हॅट, अशा थाटात मॅच बघायचे. आम्ही त्यांना कुणाच्या तरी घरी आलेले सासरे समजलो. इथे मे ते ऑगस्ट असे खूप येतात, मुलाच्या घरी कंटाळलेले. आम्ही मराठीतच बोलत होतो. डेंटिस्ट एका शनिवारी म्हणाली की तो बाटल्या मात्र झकास भरतो. मी म्हणालो, त्याला आता तेवढंच काम द्या, तेही बसून करायचं.

गृहस्थ वळले. "पुण्याचा का तू?"

"हो काका. तुम्ही?"

"खडकी." त्यांनी मैदानापलीकडे बोट दाखवलं, डगआउटकडे. "मी त्याचा बाप."

माझ्या तोंडातला कॉफीचा घोट तसाच राहिला. डेंटिस्ट लगेच फोनमध्ये बघायला लागली. पाजींना मराठी फारसं कळत नव्हतं, पण 'बाप' त्यांना कळलं, आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

"बोला की," काका म्हणाले. "थांबलात कशाला? बरोबर बोलत होतात. तो संपलाय."

त्या दिवसापासून आम्ही चौघं झालो.

काका पंचाहत्तरचे होते. खडकीच्या कारखान्यात फिटर होते आणि मुरमाच्या मैदानावर हॉकी खेळून मोठे झालेले. त्यांना खेळ आमच्या तिघांपेक्षा कितीतरी जास्त कळायचा. आमची थट्टा ऐकीव होती, त्यांच्या बोलण्याला धार होती. एखादा पास चुकला की का चुकला ते सांगायचे, पावलाचा कोन, मनगट, खांदा. आणि ओघात मुलावर यायचे. त्याचं नाव घ्यायचे नाहीत. नेहमी 'तो'. तो लहानपणापासून डाव्या बाजूला आंधळा. तो महाराष्ट्राकडून खेळला कारण खरा सेंटर हाफ त्या वर्षी टायफॉइडने पडला होता. तो अंगात ताप असताना बॉल नीट घोळवत नव्हता म्हणून त्यांनी त्याला मैदानाच्या पंचवीस फेऱ्या मारायला लावल्या होत्या. "तेविसावीला ओकला," ते म्हणाले. "उरलेल्या दोन त्यानंतर मारल्या."

आम्ही हसलो. मला वाटतं सगळ्यात मोठ्याने मीच हसलो. बापच बोलतोय म्हटल्यावर आम्हाला कसलीच भीड राहिली नव्हती. आधी तो जवळ आला की आवाज खाली यायचे, आता तेही बंद झालं.

मैदानाच्या पलीकडच्या बाजूला तो डगआउटपाशी उभा असायचा. तिथून इकडचं बोलणं ऐकू जात नाही. पण हसणं जातं, आणि दिसतं तर सगळंच. एकदा माझं लक्ष गेलं. काकांनी काहीतरी सांगितलं होतं, पाजी त्यांच्या पाठीवर थाप मारत होते, आणि तो हातात रिकामी बाटली घेऊन आमच्याकडे बघत होता. खूप वेळ बघत होता. आपला बाप अनोळखी लोकांत एवढा खुलून हसतोय, हे त्याला नवीन असावं. मी हात हलवला. त्यानेही हलवला.

एकदा मी काकांना विचारलं, तुम्ही किती वर्षं खेळलात. मग म्हणाले, "पंचविसाव्या वर्षी गुडघा गेला. सोमवारी कामावर हजर. परत येणार का, म्हणून मला कोणी विचारलं नाही. एकानेही नाही." त्यांनी हॅट सारखी केली. "आणि याच्यासाठी इथे वर्षभर चर्चा."

मी तेव्हा ते ऐकलं आणि सोडून दिलं. मॅच चालू होती.

जुलैच्या शेवटी एका शनिवारी मी मुलीची बॅग गाडीत ठेवत होतो. पार्किंगमध्ये तो माझ्याकडे आला. बूट निघाला होता, साधे जोडे होते पायात. जवळजवळ नीट चालत होता.

"जरा बोलायचं होतं," तो म्हणाला. किल्ली बोटाभोवती फिरवत राहिला. "बाबा तुमच्याबरोबर बसतात. बरं वाटतं त्यांना. घरी नुसते बसून असतात."

"मस्त माणूस आहेत."

"माझ्याबद्दल काही बोलतात का?"

त्याच दिवशी दुपारी काका म्हणाले होते की याला आता खुंटीला टांगा, स्टिकच्या शेजारी. मी हसून मांडीवर हात आपटला होता.

मी म्हणालो, "बोलतात ना. परत जायच्या आधी तुला एकदा खेळताना बघायचंय म्हणतात."

"असं म्हणाले?"

"हो."

तो माझ्याकडे बघत राहिला. "म्हणजे नक्की काय म्हणाले? कुठल्या शब्दांत?"

मी तिथेच थांबू शकलो असतो. आठवत नाही म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण खोटं बोलायला लागल्यावर मला त्यात रंग भरावासा वाटला. "म्हणाले, माझा मुलगा मध्ये उभा राहिला की कुणाची बॉल पुढे न्यायची छाती होत नाही."

त्याने मान हलवली. ओठ हलले, बहुतेक ते वाक्य त्याने मनातल्या मनात म्हणून बघितलं. मग माझ्या दंडावर हात ठेवला, थँक्स म्हणाला आणि गेला. जाताना पाय टाकताना त्याची कंबर अजिबात वाकडी होत नव्हती.

घरी बायकोला मी सांगितलं की त्याला बरं वाटावं म्हणून थोडं खोटं बोललो. ती म्हणाली, चांगलं केलंस. पण ते खरं कारण नव्हतं, आणि मला ते तेव्हाही माहीत होतं. चार महिने चर्चा करून मी कंटाळलो होतो. मला निकाल हवा होता. तो मैदानात उतरावा आणि मी म्हणतो तसंच व्हावं, एवढंच. त्याच्या खालची आणखी एक गोष्ट कबूल करायला मला बराच काळ लागला. तो माझ्या वयाचा होता. तो परत खेळला असता तर दोन जिने चढून धापा टाकणाऱ्या माझ्यासारख्याला वयाचं कारण सांगायची सोय राहिली नसती.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी तो किट घालून आला. काकांचं विमान मंगळवारी होतं.

संघात दोघं जखमी होते, तिसरा लग्नाला गेला होता. तरी संघाच्या कोचने त्याला घेतलं नसतं. फिजिओने अजून महिनाभर नाही म्हणून सांगितलं होतं. हे सगळं डेंटिस्टने कँटीनमधून माहिती काढून आणलं. त्याने कोचला म्हणे हात जोडून विनवलं, मला पंधरा मिनिटं दे.

"पागल है," पाजी म्हणाले, पण त्यांचे डोळे चमकत होते.

काकांनी खुर्ची नेहमीपेक्षा कुंपणाच्या जास्त जवळ मांडली.

दोन क्वार्टर तो बाकावर होता. तिसऱ्या क्वार्टरला आत आला. टाळ्या वाजल्या. कुंपणापाशी चाळीसेक माणसं असतील, पण सगळ्यांनी वाजवल्या, समोरच्या संघाच्या लोकांनीसुद्धा. माझी मुलगी आणि तिच्या टीमच्या मुली ओरडत होत्या. तो आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला, स्टिक दोनदा जमिनीवर टेकवली, आणि आमच्या दिशेला बघितलं. माझ्याकडे नाही. खुर्चीकडे.

पहिला बॉल त्याने सुंदर अडवला आणि उजवीकडे लांब पास दिला. पाजींनी शिट्टी मारली. दुसरा पासही बरा होता. मी काकांकडे बघितलं. ते पुढे वाकले होते, हाताची बोटं एकमेकांत अडकवून.

मग समोरच्या पोरांच्या लक्षात आलं. त्यांनी सगळा खेळ मधून सुरू केला. बॉल कुठे येणार हे त्याला अजूनही कळत होतं. तो बघायचा, निघायचा, आणि पोचायचा नाही. दोन पावलं कमी पडत होती. एका विशीच्या पोराने त्याच्या दोन पायांमधून बॉल काढला आणि वळसा घालून पुढे गेला. कुंपणापाशी हशा पिकला. पुढच्याच मिनिटाला त्या पोराने तेच पुन्हा केलं, आता मुद्दाम, आणि हशा जास्त मोठा झाला. मीही हसलो. माझ्या शेजारी माझी मुलगी उभी होती, ती हसली नाही.

तिसऱ्यांदा ते पोर आलं तेव्हा तो वळायला गेला. डाव्या पायाने जमीन रेटायला हवी होती, ती रेटली गेली नाही. तो चारी हातपायांवर पडला. दुखापत काही नव्हती. शीर शाबूत होती, पाय शाबूत होता, फक्त त्यात जोर नव्हता. तो उठेपर्यंत गोल झाला होता.

काका उभे राहिले. खुर्ची मिटली.

"चला," ते म्हणाले.

"काका, मॅच आहे अजून," मी म्हणालो.

"बघायला काय राहिलंय?"

पार्किंगला जायला दोन वाटा होत्या. आमच्या मागून एक झाडांतून जायची, तिथून कुणाला दिसले नसते. काका दुसऱ्या वाटेने गेले. कुंपणाच्या कडेने, मैदानाच्या पूर्ण लांबीने, डगआउटसमोरून, काखेत खुर्ची घेऊन, घाई न करता. खेळ पुन्हा सुरू झाला होता. तो मैदानाच्या मध्यावर उभा होता आणि बापाकडे बघत होता. बॉल त्याच्यापासून दोन हातांवरून गेला. त्याची स्टिक हललीसुद्धा नाही. कुणीतरी ओरडलं, "वेक अप, ग्रॅंडपा!" आणि लोक पुन्हा हसले.

कोचने त्याला बाहेर बोलावलं. घड्याळाकडे बघून डेंटिस्ट म्हणाली, "अकरा मिनिटं."

तिच्या आवाजात जिंकल्याचा आनंद होता, असं लिहिणार होतो. पण तसं नव्हतं. तिचा आवाज बारीक झाला होता. आनंद झालाच असेल तर तो मला झाला होता, आणि तोही मिनिटभरच टिकला.

माझी गाडी त्याच्या गाडीच्या शेजारीच होती. हे मी ठरवून केलेलं नव्हतं. मॅच संपल्यावर मुलीला घेऊन तिथे गेलो तर काका त्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसलेले, पट्टा लावून, समोर बघत. दार त्यांनी उघडून ठेवलं होतं. पाठोपाठ तो आला, किट बॅग खांद्यावर, गुडघ्यांना टर्फचं पाणी.

"थांबला असता, बाबा."

"तुला खेळायला कोणी सांगितलं होतं?"

"तुम्हालाच बघायचं होतं ना?"

"मला?" काकांनी पहिल्यांदा मान वळवली. "मी कधी म्हणालो?"

त्याने गाडीच्या टपावरून माझ्याकडे बघितलं. मी डिकी उघडून आत काहीतरी शोधायला लागलो. डिकीत एक छत्री होती. ती मी उचलली आणि परत ठेवली.

"तीन महिने मी यांना हेच सांगतोय," काका म्हणाले. "संपलास तू. विचार याला. काय रे? सांग त्याला."

मी डिकी बंद केली. दोघंही माझ्याकडे बघत होते. माझी मुलगीही बघत होती. काका, मी खोटं बोललो, तुमच्या नावावर, एवढंच म्हणायचं होतं. पाच-सहा शब्द.

"हो," मी म्हणालो. "म्हणत होते."

त्याने बॅग मागच्या सीटवर ठेवली, बापाच्या बाजूचं दार हलकेच लावलं, आणि गाडी काढली.

घरी जाताना मुलगी मागे बसली. नेहमी पुढे बसायची. अर्ध्या वाटेत तिने विचारलं, "बाबा, व्हॉट डिड यू डू?"

"काही नाही," मी म्हणालो. "त्यांचं घरचं काहीतरी आहे."

त्या रविवारी मी त्याला फोन केला. त्याच्या बायकोने उचलला. तो झोपलाय, म्हणाली. संध्याकाळी केला, तेव्हाही झोपलेला होता. सोमवारी कोणी उचलला नाही. मंगळवारी काका गेले.

सहा आठवड्यांनी तो मला वेस्टमीडला भेटला. माझी बायको तिथे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, तिची गाडी सर्व्हिसिंगला होती म्हणून मी तिला न्यायला गेलो होतो. स्टेशनसमोरच्या कॉफीच्या टपरीवर तो रांगेत उभा होता, खांद्यावर टॉवेल. फिजिओकडून आला असावा. मी पुढे झालो. त्याने मला बघितलं आणि रांग सोडली नाही.

"मला माफी मागायचीय," मी म्हणालो. "तुझे बाबा तसं काही म्हणाले नव्हते. मी बनवून सांगितलं."

"माहितीये."

"त्या दिवशी पार्किंगमध्ये कळलंच असेल."

"नाही. तू सांगितलंस तेव्हाच कळलं होतं." तो कॉफीवालीच्या पाटीकडे बघत बोलत होता. "बाबा 'माझा मुलगा' म्हणत नाहीत. कधीच म्हणाले नाहीत. शाळेच्या बक्षीस समारंभात सरांनी विचारलं, हा तुमचा मुलगा का, तर म्हणाले, हा सेंटर हाफ."

मी विचारलं, "मग खेळलास कशाला?"

रांग पुढे सरकली, तोही सरकला.

"वाटलं, म्हणाले असतील एखाद्या वेळी. वय झालंय. माणूस बदलतो." त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "तू चांगलं वाक्य केलं होतंस. आठवडाभर पुरलं मला."

"मला खरंच..."

"तुझी मुलगी चांगली खेळते. तिला सांग, रिव्हर्सला खांदा लवकर उघडतेस." मग तो म्हणाला, "आणि तू माझ्याशी परत बोलू नकोस. कुठे दिसलो तरी."

त्याने आवाज चढवला नव्हता. पाठीमागच्या नर्सला वाटलं असेल, दोन मित्र बोलतायत. त्याची कॉफी आली. ती घेऊन तो स्टेशनच्या जिन्याकडे गेला. मी त्याच्या पायाकडे बघत होतो. सवयीने.

तो त्या क्लबसाठी पुन्हा खेळला नाही. ज्युनियर मुलींना शिकवणंही सोडलं. वर्षभरात त्याला मेलबर्नला नोकरी मिळाली आणि ते सगळे तिथल्या क्रेगीबर्न भागात राहायला गेले. माझ्या मुलीने पुढच्या सीझनला नाव दिलं नाही. कारण तिने सांगितलं नाही आणि मी विचारायला धजावलो नाही. खांद्याचा निरोपही मी तिला दिला नाही. तिची स्टिक गॅरेजमध्ये आहे. मी मात्र शनिवारी जातो. मुलगी खेळत नाही तरी जातो. डेंटिस्टशी आणि पाजींशी त्या अकरा मिनिटांबद्दल मी कधी बोललो नाही. पाजी एकदाच म्हणाले, "हम लोगों ने अच्छा नहीं किया." मी 'हं' म्हणालो. मी त्याला काय सांगितलं होतं ते त्यांना अजून माहीत नाही.

काका मला फोन करतात. नंबर त्यांच्याकडे कुंपणाच्या दिवसांपासून होता. खडकीत दुपार असते, इथे संध्याकाळ. दर शनिवारी, व्हॉट्सअ‍ॅपवर, आपल्या संघाचं काय झालं विचारायला. मी त्यांना गोल कसे झाले ते सांगतो, ते चुका सांगतात, मॅच न बघता, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात. मुलाचा विषय त्यांनी कधी काढला नव्हता. मुलगा त्यांना फोन करतो की नाही, मला माहीत नाही. ते मला का करतात, याचा मी फार विचार करत नाही.

गेल्या महिन्यात स्कोअर सांगून झाल्यावर ते फोन ठेवेनात. खोकले. मग म्हणाले, "तो तिकडे मेलबर्नला खेळतो म्हणे. म्हाताऱ्यांच्या टीममध्ये."

"असं का?"

"सून म्हणाली. पस्तिशीच्या पुढच्यांची असते म्हणे अशी एक लीग." मग विचारलं, "तुझ्या ओळखीचं कोणी असेल ना तिकडे? कसा खेळतो?"

एखादं वाक्य तयार करणं मला अवघड नव्हतं. त्यांना काय ऐकायचंय हेही मला कळत होतं. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना चांगलं ऐकायचं होतं.

"मला माहीत नाही, काका," मी म्हणालो. "तुम्हीच विचारा त्याला."

पलीकडे टीव्ही चालू होता, त्याचा आवाज येत राहिला. मला वाटलं, फोन ठेवला त्यांनी.

"कॉर्नर किती मिळाले म्हणालास आज?" त्यांनी विचारलं.

"सहा."

"आणि गोल एक," ते म्हणाले. "गाढवं आहेत."